वस्तादांच्या अंगचं औषध

शिवन्यानं ढाक लावली आणि मोनाली खराडेला तोड आठवली नाही.

तोड म्हणजे समोरच्याच्या डावावरचा उतारा. ढाकेची तोड मोनालीनं आजवर किती पोरींच्या अंगात भिनवली असेल, त्याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. पण त्या सकाळी जानकी तालमीच्या हौद्यात, तांबड्या मातीत, सगळ्या पोरींच्या देखत तिचे हात नुसतेच लोंबत राहिले. डोकं कोरं. शिवन्याच्या ते लक्षात आलं. मग त्या पोरीनं काय करावं? वस्तादांना आपटायचं सोडून तिनं त्यांना अलगद उचललं आणि तुपाची बरणी फळीवर ठेवावी तसं मातीत ठेवून दिलं.

आपटलं असतं तर मोनालीनं तिची पाठ थोपटली असती. ठेवलं, म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय गं, मी काय अंड्यांचा ट्रे हाय व्हय?"

"तसं न्हाई वस्ताद. मला वाटलं तुमास्नी चक्कर आली."

"चक्कर आली तर मी सांगतो. तू आपटायचं काम कर. लाव पुन्यांदा."

शिवन्यानं पुन्हा ढाक लावली. तोड पुन्हाही आठवली नाही.

हा काळ फार लांबचा नाही. आज ज्या पोरी केस बारीक कापून, घरच्यांशी भांडून, मुलांच्या तालमीत कोपऱ्यात जोर काढतात, त्या पन्नाशीला पोचल्या असतील तेव्हाची ही गोष्ट. मोनाली त्यांच्यातलीच एक. कृष्णाकाठच्या गावात तिनं मुलींची तालीम उभी केली, आणि पोरींनी 'मॅडम' म्हटलं की ती ओ द्यायची नाही. वस्ताद म्हणा, नाहीतर घरी जा. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, तशीच ती बोलायची.

तिचं एक मात्र चुकलं होतं. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. हे पैलवानांचं पिढीजात दुखणं. आखाड्यात असताना रोज हजार बैठका मारणाऱ्या अंगाला जे दूध, लोणी, बदामाची थंडाई आणि मटणाचा रस्सा लागतो, ते सगळं बैठका थांबल्यावरही पानात येत राहतं. त्यात नवरा धैर्यशील, त्याचा गोठा मोठा आणि बायकोवर माया त्याहून मोठी. पितळी तांब्यातून फेसाळतं दूध तो तिच्यापुढं धरायचा आणि ती घटाघटा प्यायची. वीसेक वर्षांत पोट पुढं आलं, साखर वाढली, रक्तदाब वाढला. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वस्ताद म्हटल्यावर देह हा हवाच.

पण नवऱ्यानं बाकीचंही पाहिलं होतं. तिनं एकाच म्हशीची धार झाली का म्हणून तीनदा विचारलं होतं. नणंदेच्या मुलाचं नाव विसरून 'ते आपलं हे' म्हणून वेळ मारून नेली होती. त्या दिवशी ती तालमीतून येऊन गुपचूप ओट्यावर बसली तेव्हा त्यानं काहीएक न विचारता गाडी काढली आणि तिला मिरजेला डॉक्टर शबाना मुजावर यांच्याकडं नेलं.

डॉक्टरबाई लहानखुऱ्या, पण बोलायला कुणाला हार न जाणाऱ्या. त्यांनी तपासण्या पाहिल्या, मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं आणि म्हणाल्या, "वस्ताद, तुमचा मेंदू बहिरा होत चाललाय."

"माझं डोकं गेलंय म्हनता?"

"गेलं नाही. ऐकेनासं झालंय. इन्सुलिन म्हटलं की लोकांना फक्त साखर आठवते. पण आठवणी साठवणाऱ्या पेशींनाही त्याचा निरोप लागतो. तो निरोप ऐकला की त्या खाऊनपिऊन ताज्या राहतात, एकमेकींशी जोडल्या जातात. आता तुमच्या पोटावरची ही चरबी, ही साखर, हा रक्तदाब. ही मंडळी एकत्र आली की रक्तात इन्सुलिनचा नुसता गलका होतो. दार सतत बडवत राहिलं की आतली माणसं काय करतात? लक्ष देणं सोडतात. पेशींचंही तसंच. वर बारीक सूज येते, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. आणि मग एक दिवस तोड आठवत नाही."

मोनालीनं पडद्यावरच्या चित्राला बोट लावून पाहिलं. कधी कुणापुढं रडली नव्हती, तिथंही रडली नाही, पण तिला भीती वाटली. हाताचं हाड मोडलं तर बांधता येतं. तिचं सगळं आयुष्य ज्या डोक्यात साठवलेलं, तेच रिकामं होऊ लागलं तर ती कोण उरणार होती?

"उपाय?"

"आहे. खुराक निम्म्याहून कमी. ते तुम्ही करणार नाही, म्हणून धैर्यशीलदादांना सांगतेय. आणि हे." डॉक्टरबाईंनी एक पांढरी नळी पुढं ठेवली.

त्या नळीत दोन संप्रेरकांचं काम एकटा करणारा एक रेणू होता. आपण जेवलो की आतडं एक संप्रेरक सोडतं, आता पुरे, असं ते मेंदूला सांगतं. आपण घाम गाळला की स्नायू दुसरं सोडतात, ते मेंदूत पेशींची नवी जोडणी करायला मदत करतं. शास्त्रज्ञांनी दोन्हींचे निरोप एका रेणूत गुंफले. त्यानं मेंदूची सूज उतरते आणि पेशींना इन्सुलिन पुन्हा ऐकू येऊ लागतं. एवढा मोठा रेणू कातडीतून आत जाईना, म्हणून त्याला एक तेलकट वाहक जोडला. तो वाहक कुठल्याही कातडीतून औषधाला अलगद पार नेतो.

"कोपरापासून मनगटापर्यंत पातळ थर. अर्धा तास वाळू द्या, वर लांब बाह्यांचा सदरा घाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हो, खेळाडूंना ह्यावर बंदी आहे. स्नायूंचा थकवा लवकर भरून येतो ना. तुम्ही आता खेळत नाही, तेव्हा तुम्हाला काही अडचण नाही."

अडचण नव्हती, असं त्या वेळी तिघांनाही वाटलं.

मोनालीनं एकच ठरवलं, की ही गोष्ट तालमीच्या उंबऱ्याच्या आत जाता कामा नये. तालमीचे अध्यक्ष रावसाहेब चौगुले दर भाषणात 'वस्तादाचं डोकं म्हणजे तालमीचा पाया' असं म्हणायचे. पाया खचलाय हे कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा वस्ताद आणून बसवला असता, आणि तो पुरुष असता.

आणि तिथंच तिच्या हातून ती चूक झाली. अंगाला लावायची कुठलीही पातळ वस्तू पैलवानाच्या हातात आली की त्याचे हात आपोआप चालतात. ती चोळायची, मुरवायची, दंडापासून बोटांपर्यंत, मग खांद्यावर, मानेवर. तेल तसंच लावतात. मोनाली रोज पहाटे तालमीत सगळ्यांच्या आधी पोचायची, नळी काढायची आणि तेलासारखी ते औषध अंगात जिरवायची. अर्धा तास थांबायला तिला कधी धीर होता? लांब बाह्यांचा सदरा घालून कुणी मातीत उतरतं का? लागलीच ती हौद्यात उतरायची, पोरींच्या मनगटांना धरायची, त्यांच्या मानेवर हात टाकायची, अंगावर माती चोळायची.

औषधानं मात्र आपलं काम चोख केलं. चार महिन्यांत एकेक गोष्ट परत येऊ लागली. आधी नावं आली, मग वाटा आल्या, आणि एका सकाळी ढाकेची तोड आपणहून हातात आली. शिवन्या पाठीवर पडली होती आणि मोनाली तिच्या छातीवर हात ठेवून हसत होती, लहान पोरीसारखी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं वस्ताद?"

"कुटं काय! पड आनि एकदा."

शिवन्या कांबळे त्या तालमीतली सगळ्यांत हुशार पोर. सतरा वर्षांची, देशाच्या संघाच्या निवडीला निघालेली. निवडीआधी क्रीडा शुद्धता मंडळाच्या लोकांनी तिच्या बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब डबीएवढ्या यंत्रात टाकला, आणि यंत्रावर लाल दिवा लागला. तिच्या रक्तात ते बंदी असलेलं संप्रेरक होतं. अगदी कणभर. पण मंडळाचा नियम कडक होता: किती सापडलं हे बघायचं नाही, सापडलं एवढंच बघायचं.

चौकशी संपेपर्यंत तिला तालमीत पाऊल ठेवायला मनाई झाली. दुसऱ्या दिवशी ती मोनालीच्या गोठ्यावर आली. डोळे सुजलेले, पण आवाज घट्ट.

"वस्ताद, थंडाईत काय घालत हुता?"

मोनालीचा हात उठला. तसाच हवेत राहिला. ह्या पोरीला तिनं आठव्या वर्षापासून मातीत वाढवलं होतं.

"माज्यावर संशय घेतीस?"

"मग कुनावर घेऊ? मी तुमच्या हातचंच खातो-पितो. दुसरं कायबी तोंडात घालत न्हाई, तुमीच शपथ घातलीया."

ती निघून गेली. मोनाली म्हशींच्या दावणीला टेकून उभी राहिली, आणि मग तिला आपल्या तळव्यांचा वास आला. औषधाचा, किंचित कापरासारखा.

तिनं मिरज गाठून डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडून हौद्यातली मूठभर माती मागवून घेतली. तालमीची माती साधी नसते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती वर्षानुवर्षं मऊ करतात. तेलकट वाहकाला ती माती भारी मानवली होती. औषध मोनालीच्या घामातून मातीत उतरलं होतं आणि मातीतून पोरींच्या अंगात. सगळ्यांत जास्त त्या पोरीत, जिच्याशी वस्ताद रोज झुंजायच्या.

"पोरींना काही अपाय नाही, मात्रा फार थोडी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे मीच नीट समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही मातीत उतरता हे मला माहीत होतं. माझंही चुकलं."

मोनाली तिथून उठली ती थेट शिवन्याच्या घरी. अंगणात उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं, विसरण्यापासून नळीपर्यंत.

"मग बोला की तसं मंडळापुढं," शिवन्या म्हणाली.

"बोललो तर माझी तालीम जाईल."

"आनि न्हाई बोलला तर माझी कुस्ती."

एवढंच. मोनाली तिथून रावसाहेबांकडं गेली.

रावसाहेब चौगुल्यांकडं तोड तयार होती. मोनालीनं विश्वासात घेऊन सांगितल्यावर ते आधी दचकले, मग झुल्यावर बसून सावकाश म्हणाले, "हे बघा, ह्यातलं कायबी बाहेर काढायचं न्हाई. बाजारातल्या प्रोटीनच्या डब्यात भेसळ हुती म्हनायचं. पोरीला दोन वर्षांची बंदी पडंल. तुमचं नाव राहील, तालमीचं राहील. तुमी ते औषध तेवढं बंद करा."

"बंद केलं तर डोकं पुन्हा बहिरं हुतंय, रावसाहेब."

"मग वर्षभरानं मानानं निवृत्त व्हा. सत्कार करू मोठा."

खरं सांगायचं तर मोनालीला ते अख्खा दिवस पटलं होतं. दोन वर्षं म्हणजे काय? पोर एकोणिसाची होईल, परत येईल. तिनं स्वतःची अशी समजूत घालून पाहिली, धैर्यशीललाही तसं सांगून पाहिलं, आणि संध्याकाळी रावसाहेबांना होकार द्यायला गेली. रावसाहेब खुशीत आले. चहा मागवला. म्हणाले, "बरं केलं. आवो, पोरी काय, येत्यात आनि जात्यात. दोन वर्षांत तिचं लगीनबी उरकंल."

मोनालीनं कपबशी खाली ठेवली.

हेच वाक्य तिच्याबद्दल बोललं गेलं होतं, तिच्या बापापुढं, ती शिवन्याएवढी असताना. तेव्हा ती दाराआड उभी होती आणि तिला तोंड उघडता आलं नव्हतं. आता तिच्यापुढं दार नव्हतं.

"रावसाहेब, मी मंडळापुढं जानार. सगळं सांगनार. औषध सोडनार न्हाई, तालीमबी सोडनार न्हाई. आनि पोरीच्या केसालाबी धक्का लागू देनार न्हाई."

"तिन्ही कसं जमंल, बाई?"

"बाई न्हाई. वस्ताद."

दुसऱ्या दिवशी तिनं हौदा रिकामा करायला घेतला. तालमीची माती कुणी टाकून देत नाही, जुनी माणसं अडवायला आली, पण तिनं पहिलं घमेलं स्वतः उचललं. पोरींनी मागून हात लावला. माती ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात नेऊन ओतली आणि नवी माती मळायला घेतली. तेवढ्यात सुनावणीची तारीख आली.

पुण्यात मंडळाच्या कचेरीजवळच्या खोलीत, सुनावणीच्या सकाळी, मोनालीनं नळी काढली. दोन्ही हातांना भरपूर चोळली. लांब बाह्यांचा सदरा धैर्यशीलनं पुढं केला होता.

"ऱ्हाऊ दे."

"अगं, वाळू तरी दे. आता सवय लागलीया तुला."

"आज वाळवायचं न्हाई."

धैर्यशीलनं तिच्याकडं पाहिलं. मग तो सदरा घडी करून पिशवीत ठेवला, आणि पिशवी उचलून तिच्या मागं चालू लागला.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडं तिघंजण. अध्यक्ष ताम्हणकर, टाय लावलेले, निवृत्त अधिकारी. डॉक्टर केतकी फणसळकर, संप्रेरकांच्या जाणकार. आणि उत्तमराव धुमाळ, जुने पैलवान, कान मोडलेले. टेबलावर तेच डबीएवढं यंत्र, कारण शिवन्याची पुन्हा चाचणी घ्यायची होती. शिवन्या भिंतीपाशी उभी होती.

मोनालीनं आत येताच टेबलाला वळसा घातला आणि पैलवानी रीतीनं सलामी दिली. नुसते पंजे नाहीत, मनगटावर मनगट, कोपरापर्यंत पकड. धुमाळांचा चेहरा फुलला, त्यांनीही घट्ट धरलं. फणसळकरबाईंनी गंमत म्हणून हात पुढं केला. ताम्हणकर जरा आखडले, पण सगळे बघत असताना नाही कसं म्हणणार? मोनालीनं त्यांचं मनगट चांगलं बळकट धरलं आणि तब्येतीची चौकशी करेपर्यंत सोडलं नाही.

शिवन्याचं बोट टोचलं. दिवा हिरवा लागला. ताम्हणकर म्हणाले, "म्हणजे घेणं थांबवलं आहे, एवढाच अर्थ."

मग मोनाली बोलली. बसून नाही, उभी राहून. आपलं पोट, आपली साखर, आपला बहिरा होऊ लागलेला मेंदू, काही लपवलं नाही. औषध कसं चोळलं, मातीत कसं उतरलं, सगळं. डॉक्टर मुजावरांचा मातीचा अहवाल पुढं ठेवला. बोलायला तिला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला, कारण 'मी विसरतो' हे शब्द परक्या लोकांपुढं तोंडातून लवकर निघेनात.

ताम्हणकरांनी घड्याळाकडं पाहिलं. "आमची सहानुभूती आहे. पण कसं आलं हा प्रश्नच नाही. रक्तात सापडलं की खेळाडू दोषी. नियम सगळ्यांना सारखा."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना."

"मग आता तुमची बोटं द्या साहेब."

कुणाला काही कळेना. मोनालीनं आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. दिव्याखाली ते चमकत होते.

"आर्ध्या तासामागं मी तुमास्नी सलामी दिली. ह्या हातांवर औषध ओलं हुतं. एका चिमटीनं कायबी हुत न्हाई, डॉक्टरबाईस्नी इचारून आलोय. पर तुमच्या रगतात ते गेलं आसंल. तुमी मागितलं न्हाई, तुमास्नी कुनी इचारलंबी न्हाई. तसंच तिचं झालं. चार म्हयनं, रोज. लावा दिवा."

ताम्हणकर ताडकन उठले. "हा काय प्रकार आहे? हा गुन्हा आहे!"

"हाय. माझा. लिवून घ्या. पर बोट द्या."

धुमाळांनी आधी आपल्या मनगटाकडं पाहिलं, मग मोनालीकडं, आणि खो खो हसत बोट पुढं केलं. यंत्र क्षणभर गुरगुरलं. दिवा लाल. फणसळकरबाई हसल्या नाहीत, भुवया आक्रसून त्यांनी स्वतःच स्वतःचं बोट टोचलं. लाल. मग दोघांनी अध्यक्षांकडं पाहिलं. ताम्हणकरांचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

"मी देणार नाही," ते म्हणाले. "मला कुणी सक्ती करू शकत नाही."

"त्या पोरीलाबी इचारलं आसतं तर ती म्हनली आसती तसं," मोनाली म्हणाली.

फणसळकरबाईंनी कागद पुढं ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "खेळाडू निर्दोष. स्पर्शातून होणाऱ्या संसर्गासाठी नियम बदलावा, अशी शिफारस." त्यांनी सही केली. धुमाळांनी केली. तिघांत दोन, तेवढं पुरेसं होतं. भिंतीपाशी शिवन्या होती तिथंच खाली बसली.

पण ताम्हणकरांचं संपलं नव्हतं. "मुलगी सुटली. तुम्ही नाही. तुम्ही मंडळाच्या सदस्यांवर बंदी असलेलं औषध वापरलंत. तुम्हाला स्मृतीचा आजार आहे, हे तुम्हीच कबूल केलंत. असा माणूस मुलींना शिकवणार? तुमचा परवाना आजपासून रद्द."

मोनालीनं सदऱ्यासाठी मागं हात केला. धैर्यशीलनं पिशवीतून काढून दिला. तिनं बाह्यांत हात घातले, मनगटाशी बटणं लावली, एकेक, अगदी सावकाश.

"परवाना कागद हाय साहेब, ठेवा. मी इसरतो, हे खरं हाय. उद्या अजून इसरंन कदाचित. त्या दिवशी माझ्या पोरीच मला हौद्यातनं भाईर काढतील, त्यास्नी तेवढं शिकवलंय. पर तवर कुनी न्हाई. सकाळी पाचाला मी मातीत आसतो. मला काढायचं आसंल तर या. येताना तेवढी अंगाला माती लावून या."